विमानाचा पत्रा कापताना : कोणती पद्धत सुरक्षित?

पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ रोजी प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि विमान हा विषय येथील तरुणांच्या रोजच्या दृष्टिपथात आला. स्वतः विमान बांधण्याचे स्वप्न मराठी माणसाला नवे नाही. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवली येथील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांसमोर मांडले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली आणि उड्डाण चाचणीची परवानगी मिळण्यास २०१९ साल उजाडले. अशा बांधणीत इंजिन आणि पंख यांची चर्चा पुष्कळ होते. धातू कसा कापावा, या प्राथमिक प्रश्नाकडे मात्र फारसे लक्ष जात नाही.

कड का महत्त्वाची?

घराचे ग्रिल किंवा फाटक तयार करताना पत्रा मापात कापला गेला की काम झाले. विमानाचे तसे नाही. इंजिनाची थरथर, वाऱ्याचे झोत आणि उतरतानाचे हादरे यांमुळे त्याच्या प्रत्येक भागावर हजारो वेळा ताण येतो व जातो. या सततच्या ताणाने धातू थकतो आणि भेग बहुधा कडेवरच्या ओरखड्यापासून, खाचेपासून किंवा छिद्रापासून सुरू होते. १९५४ साली ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी जेट विमाने हवेतच फुटली. चौकशीत खिडक्यांच्या कोपऱ्यांजवळील छिद्रांपाशी पडणाऱ्या भेगांकडे जगाचे लक्ष वेधले गेले. म्हणूनच कापण्याची पद्धत निवडताना ती किती वेगवान आहे, यापेक्षा ती मागे कशी कड ठेवते, हे आधी पाहावे.

उष्णतेच्या पद्धती

विमानात प्रामुख्याने २०२४-टी३ आणि ६०६१-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूंचा पत्रा वापरतात. त्यांची मजबुती उष्णतेच्या नियंत्रित प्रक्रियेतून आलेली असते. प्लाझ्मा किंवा लेसरने कापताना कडेचा अरुंद पट्टा वितळून पुन्हा गोठतो. तेथे मजबुती उतरते, गंजाला वाव मिळतो आणि सूक्ष्म भेगा राहू शकतात. सांगाड्याच्या नळ्यांसाठी वापरले जाणारे ४१३० पोलाद गॅस कटरने कापल्यास कड कठीण व ठिसूळ होते. अशी कड वापरायची झाल्यास तापलेला सगळा पट्टा घासून काढावा लागतो.

याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतील आहे. हौशी बांधणाऱ्यांना विमानाचे सुटे भाग पुरवणाऱ्या ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ या कंपनीने काही भाग लेसरने कापून घेतले. रिव्हेटसाठी छिद्रांच्या कडा दाबताना त्यांना भेगा पडत असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. कंपनीच्या चाचण्यांत बहुतेक भाग वापरण्याजोगे ठरले, तरी ग्राहकांचा विश्वास डळमळला आणि भाग बदलून देण्याचा भार पडला. हा भार व इतर आर्थिक अडचणी यांमुळे डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण मागावे लागले.

थंड पद्धती

साधारण १ मिलिमीटरपर्यंतच्या पत्र्यासाठी हातकातर पुरेशी आहे. कातरीने व शिअर यंत्राने कड थोडी फाटते, म्हणून आखलेल्या रेषेबाहेर किंचित जागा सोडून कापावे आणि उरलेला भाग कानशीने रेषेपर्यंत आणावा. नळ्या आणि जाड पट्ट्या यांसाठी हॅक्सॉ किंवा बँडसॉ योग्य. पत्र्याच्या जाडीत पात्याचे किमान दोन ते तीन दात बसले पाहिजेत, अन्यथा पाते अडकून कड फाटते. पातळ पत्रा प्लायवूडच्या दोन तुकड्यांत धरून कापावा. एकसारखे अनेक भाग हवे असतील तर लाकडी साच्यावरून राउटर फिरवणे सोयीचे. वॉटरजेटमध्ये वाळूमिश्रित पाण्याच्या झोताने कापले जाते व धातू जवळजवळ तापत नाही, मात्र त्याचीही कड खरखरीत राहते.

फॅब्रिकेशनच्या कामात सर्रास चालणारे कटिंग व्हील ॲल्युमिनियमसाठी टाळावे. मऊ धातू चाकात भरतो, चाक तापते आणि फुटण्याचा धोका असतो. लोखंडासाठी वापरलेली कानस किंवा चाक ॲल्युमिनियमवर चालवू नये. रुतून बसलेले लोखंडाचे कण पुढे गंज ओढवून घेतात.

कापल्यानंतर

आखणी सुईने किंवा पेन्सिलने न करता फेल्ट पेनने करावी. आतील कोपऱ्यात आधी गोल छिद्र पाडून मग त्याच्यापर्यंत कापावे. धारदार कोपरा ठेवू नये. बर काढून कड आधी कानशीने, मग बारीक पॉलिशपेपरने घासावी. शेवटचे घासणे कडेच्या लांबीच्या दिशेने असावे. पत्रा वाकवायचा असल्यास ही सफाई वाकवण्यापूर्वीच व्हायला हवी. अनेक विमानी पत्र्यांवर शुद्ध ॲल्युमिनियमचा संरक्षक थर असतो, पण कापलेल्या कडेवर आतील मिश्रधातू उघडा पडतो. गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत अशा कडेवर विलंब न करता प्रायमर लावावा.

कारागिराची सुरक्षा

चष्मा, कानांचे संरक्षण आणि धूळरोधक मास्क हवेतच. पत्रा उचलताना चामड्याचे हातमोजे घालावेत, पण फिरत्या यंत्राजवळ ते काढून ठेवावेत. ॲल्युमिनियमची बारीक धूळ पेट घेऊ शकते आणि लोखंडी गंजाशी मिसळल्यास तिचा धोका वाढतो. म्हणून दोन्ही धातूंचे काम वेगळ्या जागी करावे व धूळ साचू देऊ नये. तशी आग लागल्यास पाणी मारू नये. कोरडी वाळू किंवा धातूच्या आगीसाठीचे विशेष अग्निशामक वापरावे.

देशात कोणतेही विमान उडवण्यापूर्वी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची नोंदणी व परवानगी आवश्यक असते. पत्रा कोठून घेतला, कोणत्या पद्धतीने कापला आणि कड कोणी तपासली याची नोंदवही पहिल्या तुकड्यापासून ठेवावी. रिव्हेट ठोकून रंग चढल्यावर कड पुन्हा पाहता येत नाही. तपासणीची वेळ त्याआधीचीच असते.