मॉडिफाय बाईकचं ट्युनिंग: मेस्त्री निवडताना हे बघा

बाईकला मोठा कार्बोरेटर, ओपन फिल्टर किंवा वाढीव बोअरचं सिलिंडर बसवायची हौस गावोगावी आहे. पण पार्ट बसवणं वेगळं आणि ट्युनिंग वेगळं. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं की इंजिन तापतं, पिस्टनला भोकही पडू शकतं. मग खर्च हजारोंत जातो.

आधी गाडी कोणती ते पाहा : कार्बोरेटरच्या गाडीला जेट बदलून सेटिंग करणारा जाणता मेस्त्री पुरतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्या बहुतेक फ्युएल इंजेक्शनच्या. तिथे ईसीयूचं काम येणाराच माणूस लागतो.

मेस्त्रीची पारख : काय बदललंय, गाडी घाटात चालते की हायवेला, हे तो आधी विचारतो. गाडी पळवून आणल्यावर प्लग काढून बघतो. प्लग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर, काळा काजळलेला असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी. नुसता आवाज ऐकून स्क्रू फिरवणाऱ्यापासून सावध राहा.

काम झाल्यावर : जेटचा नंबर लिहून घ्या, जुने जेट परत मागा. ईसीयूची मूळ फाईल जपून ठेवायला सांगा.

कायदा विसरू नका : मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. हे आधीच सांगणारा मेस्त्री भरवशाचा समजा.