बेळगावचा भुईकोट : एका तटात आठ शतके

मध्ययुगीन तटबंदीचे शहर म्हटले की इटलीतील सिएना, लुक्का यांसारखी नावे पुढे येतात. तटाच्या आत देवालये, वस्ती आणि शतकानुशतके चालत आलेले जीवन असे ठिकाण गोमंतकीयांना मात्र चोर्ला घाट ओलांडताच भेटते. निपाणी तालुक्यातील बोरगावपासून खानापूरच्या अरण्यापर्यंत पसरलेल्या सीमाभागाचे मुख्य शहर म्हणजे बेळगाव. खरेदी, शिक्षण वा औषधोपचार यांसाठी तेथे नित्य जाणारे अनेक जण किल्ल्याच्या खंदकापाशी न थांबताच परततात.

वेणुग्रामाचे गोव्याशी नाते

बेळगावचे प्राचीन नाव वेणुग्राम. बाराव्या शतकात ‘वेळुग्राम सत्तर’ हा प्रदेश गोवा कदंबांच्या राज्यात मोडत असे. पुढे सौंदत्तीच्या रट्टांनी तो घेतला आणि आपली राजधानी येथे आणली. किल्ल्याच्या उभारणीचे श्रेय रट्ट राजा चतुर्थ कार्तवीर्य याचा अधिकारी बिचिराज यास दिले जाते. रट्टांनंतर देवगिरीचे यादव आणि विजयनगरचे राज्यकर्ते यांची सत्ता येथे आली. १४७२ मध्ये बहामनी वजीर महमूद गवान याने गोवा जिंकले. ते परत मिळवण्याच्या हालचाली बेळगावच्या विजयनगरपक्षीय अधिपतीने सुरू केल्या, तेव्हा बहामनी फौजांनी बेळगावही घेतले. घाटमाथ्यावरील हा कोट आणि गोव्याचे बंदर यांचे भवितव्य असे एकमेकांत गुंतलेले होते. पेशवाईच्या अखेरीस, एप्रिल १८१८ मध्ये, थॉमस मन्रोच्या फौजेने सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर किल्ला ताब्यात घेतला.

काय पाहावे

किल्ला सपाट भूमीवर असल्याने त्याचा भरवसा डोंगरकड्यांवर नव्हता. रुंद, खोल खंदक आणि भक्कम तट हेच त्याचे संरक्षण होते. प्रवेशद्वारी गणपती व दुर्गा यांची देवालये आहेत.

आतील सर्वांत लक्षणीय वास्तू म्हणजे कमल बस्ती. १२०४ मध्ये बिचिराजाने बांधविलेले हे जैन मंदिर नेमिनाथ तीर्थंकरांचे आहे. मंडपाच्या छतावर कोरलेले दगडी कमळ पाहण्यासाठी खाली उभे राहून मान वर करावी लागते. त्याच्या बहात्तर पाकळ्यांवर भूत, वर्तमान आणि भविष्य अशा तिन्ही काळांतील प्रत्येकी चोवीस तीर्थंकर कोरलेले आहेत. जवळच चिक्की बस्ती आहे. या रट्टकालीन मंदिरांशी संबंधित दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

सफा मशीद आदिलशाही सरदार असदखान लारी याने सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारली. तिच्या बांधकामात जुन्या देवालयांचे खांब वापरलेले दिसतात. त्यांतील दोन खांबांवर कानडी भाषेतील परंतु नागरी लिपीतील लेख आहेत : एक ११९९ चा, चतुर्थ कार्तवीर्याच्या काळातील, दुसरा १२६१ चा, यादव राजा कृष्ण याच्या काळातील. बेळगाव कोणत्या भाषेचे, हा वाद १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून चालू आहे. आदिलशाही मशिदीतील या दगडांवर मात्र भाषा आणि लिपी सात-आठशे वर्षांपासून एकत्र नांदत आहेत. सीमाभागाचा इतिहास कोणा एकाच्या नावे लिहून देता येत नाही, याचा याहून बोलका पुरावा शोधावा लागत नाही.

तटाच्या आतच रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. ऑक्टोबर १८९२ मध्ये स्वामी विवेकानंद बेळगावात राहिले होते आणि येथूनच ते मडगावला गेले.

कसे जावे

पणजीहून साखळी व चोर्ला घाटमार्गे बेळगावला कदंब महामंडळाच्या बसगाड्या जातात. बोरगावकडून येणाऱ्यांना निपाणीत राष्ट्रीय महामार्ग ४८ गाठता येतो. तेथून बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर आहे. मध्यवर्ती बसस्थानकापासून किल्ला पायी जाण्याजोग्या अंतरावर आहे. आतील काही भाग लष्कराच्या वापरात असल्याने छायाचित्रे घेण्यापूर्वी आणि सफा मशिदीकडे जाण्यापूर्वी चौकशी करावी. कमल बस्तीचे कोरीवकाम सकाळच्या उजेडात निवांतपणे न्याहाळावे. हाती दुसरा दिवस असल्यास खानापूर तालुक्यातील हलशी येथे जाता येईल. कदंबांच्या या जुन्या राजधानीत शिवचित्त पेर्माडीच्या काळातील, बाराव्या शतकातले भूवराह नरसिंह मंदिर आहे. गोव्याच्या राजघराण्याची ही खूण पाहिली म्हणजे बेळगावच्या कोटातील कथेचा आरंभही ध्यानात येतो.