दोन तारखा आणि एक तळटीप

चिमाजीअप्पांच्या फौजांनी वसईचा किल्ला ताब्यात घेतला तो दिवस कोणता? आमच्या एम. ए.च्या वर्गातील एका विद्यार्थिनीने बखर वाङ्मयावरील निबंधात २३ मे १७३९ ही तारीख दिली होती. आम्ही ती खोडून १२ मे केली आणि गुणही कापले. तिने तळटीप दिली होती. ती मात्र आम्ही वाचली नव्हती.

चूक आमची होती. पोर्तुगीजांनी १५८२ सालीच ग्रेगरियन कालगणना स्वीकारली. इंग्रज १७५२ पर्यंत जुन्या ज्युलियन गणनेनेच चालले. १७३९ मध्ये या दोहोंत अकरा दिवसांचे अंतर होते. मुंबईकर इंग्रजांचा १२ मे तोच वसईतील पोर्तुगीजांचा २३ मे. मराठी पत्रांत तर यांपैकी कोणतीच तारीख नसते. तिथी असते, किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र. इंग्रजी तारीख घातली ती पुढच्या काळातील संपादकांनी, जंत्री पाहून. म्हणजे ज्याला आपण मूळ साधन म्हणून उद्धृत करतो, त्यातही संपादकाचा एक निर्णय मिसळलेला असतो. तो ओळखणे हेच संदर्भ देण्याचे खरे कारण होय.

राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हा बखरींच्या विश्वसनीयतेवर त्यांनी कठोर टीका केली आणि अस्सल पत्रांना अग्रमान दिला. सरदेसाईंच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. त्यांत वसई मोहिमेची पत्रेही आहेत. ही परंपरा आपली आहे. तरी आमचे विद्यार्थी संदर्भ म्हणजे निबंधाच्या शेवटी जोडायची यादी समजतात. अवतरण दिले, पुढे ‘असे अमुक म्हणतात’ लिहिले, की काम संपले! त्या म्हणण्याशी आपले काय नाते, हे कोणी सांगत नाही. आम्ही तरी त्यांना ते कधी विचारले?

किल्ला हाती येत नसेल तर तोफेने आपले मस्तक तरी आत पडू द्या, अशा आशयाचे चिमाजीअप्पांचे उद्गार प्रसिद्ध आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारावे: हे कोणी, केव्हा नोंदवले? प्रत्यक्ष ऐकणाऱ्याचे पत्र आहे काय? साहित्याच्या विद्यार्थ्याचा प्रश्न निराळा. सांगणाऱ्याला असा सेनापती का हवासा वाटला, आणि त्यासाठी त्याने कोणती भाषा घडवली? बखर घटनेची साक्षीदार म्हणून दुबळी ठरली, तरी आपल्या कर्त्याच्या मनाची ती अस्सल साक्षीदार असते. एकच उतारा, पण प्रश्न बदलला की त्याचे मोल बदलते. आपण त्याला कशासाठी साक्षीला बोलावले, हे निबंधात स्पष्ट लिहिलेच पाहिजे.

दोन साधनांत विरोध दिसला की एकाला गप्प बसवण्याचा मोह होतो. आम्ही लाल शाईने तेच केले. तो विरोध मोडून पाहिला असता, तर एका किल्ल्याभोवती तीन कालगणना नांदत होत्या हे तेव्हाच उमगले असते.

तिचे गुण आम्ही परत दिले. आता निबंध तपासताना आधी तळटीप वाचतो, मग परिच्छेद.