भूत रिळात की डोक्यात?

झपाटलेल्या मुलीची गोष्ट सांगणारा 'दि एक्सॉर्सिस्ट' अमेरिकेत २६ डिसेंबर १९७३ ला लागला आणि पडद्यापेक्षा पडद्याबाहेरच जास्त करमणूक सुरू झाली. धर्मोपदेशक बिली ग्रॅहम यांच्या मते म्हणे सैतान थेट फिल्मच्या रिळातच बसला होता! उलट समीक्षक पॉलिन केल यांना हाच चित्रपट कॅथलिक चर्चची जंगी जाहिरात वाटला. एकाला सैतानाचा प्रचार दिसला, दुसरीला देवाचा. चित्रपट मात्र एकच.

बरं, सैतानाची सामग्री काय? हिरवी ओकारी वाटाण्याच्या सुपाची. तोंडातून निघणारी वाफ खोलीचा सेट गारठवून मिळवलेली. आणि तो घोगरा आवाज मर्सिडीज मॅकॅम्ब्रिज या ऑस्करविजेत्या बाईंचा.

इथवर हसून सोडून देता येतं. पण ती भूमिका करणारी लिंडा ब्लेअर तेव्हा अवघी १४ वर्षांची होती. तिला धमक्या आल्या. स्टुडिओला काही महिने तिच्यासाठी अंगरक्षक ठेवावे लागले. पडद्यावर एका मुलीला वाचवताना दोन पाद्री प्राण गमावतात. पडद्याबाहेर, ती गोष्ट खरी मानणारे त्याच मुलीच्या जिवावर उठले होते.