लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड का बदलता येत नाही?

मुलुंडहून बोलतोय. खिशात वीस हजार आहेत. जुन्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड बदलायचं का? उत्तर इतिहासात आहे.

आपल्याला सवय डेस्कटॉपची. दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचं, लॅमिंग्टन रोडवर घासाघीस करून कार्ड आणायचं आणि स्लॉटमध्ये बसवायचं. लॅपटॉपमध्येही तसंच जमावं म्हणून २००४ साली एनव्हिडियानं एमएक्सएम आणलं, म्हणजे काढता-घालता येणारं कार्ड. पण कूलिंगची रचना, स्क्रूच्या जागा, बायोस हे सगळं कंपनीगणिक वेगळं. एकाचं कार्ड दुसऱ्यात चालेलच याची खात्री नाही.

त्यात लॅपटॉप बारीक होत गेले. २००८ ला मॅकबुक एअर आला, २०११ ला अल्ट्राबुक. जाडी वाचवायला ग्राफिक्स चिप थेट मदरबोर्डवर सोल्डर होऊ लागली. २०१५ च्या थंडरबोल्ट ३ मुळे कार्ड बाहेरून जोडता येऊ लागलं, पण डबा आणि पॉवर सप्लायचा खर्च वेगळा. २०२३ मध्ये फ्रेमवर्कनं लॅपटॉप १६ दाखवून सुटं कार्ड परत आणलं, पण ते त्याच लॅपटॉपपुरतं.

म्हणून आधी आपला मॉडेल नंबर टाकून बघा. चिप सोल्डर केलेली असेल, तर कार्डाचा विचार सोडा. काम अडतंय रॅम किंवा हार्ड डिस्कमुळे? मग रॅम वाढवा, एसएसडी टाका, थोडक्यात भागेल. गेम अडकतायत? त्याला या दोन्हीचा फारसा उपयोग नाही. ते वीस हजार पुढच्या मशीनसाठी बाजूला ठेवा.