घरगुती संगणकाची जुनी मासिके

रेडिओवरून बातम्या ऐकू येतात, बाजारभाव ऐकू येतात, गाणी आणि कीर्तने ऐकू येतात. पण एके काळी रेडिओवरून संगणकाची आज्ञावली ऐकवली जात असे, हे सांगितले तर तुम्हांला नवल वाटेल. 1980 च्या दशकात हॉलंडच्या नभोवाणीवर 'हॉबीस्कूप' नावाचा कार्यक्रम लागे. टेपरेकॉर्डर सुरू करा असे निवेदक सांगे आणि मग काही वेळ नुसती किरकिर ऐकू येई. चुकून कुणी रेडिओ लावला तर स्टेशन बिघडले असेच त्याला वाटावे. पण ज्याच्या घरी संगणक होता, तो ही किरकिर कॅसेटवर उतरवून घेई, ती यंत्राला ऐकवी आणि यंत्र कामाला लागे. एकासाठी एक सूर, शून्यासाठी दुसरा सूर, एवढेच त्या आवाजाचे गुपित होते.

ही किरकिर म्हणजे त्या काळच्या संगणक-मासिकांची नभोवाणीवरची बहीणच म्हणायची. आज बोलायचे आहे ते या मासिकांविषयी.

आधी यंत्र कसे होते ते पाहू. 1980 च्या आसपास युरोप-अमेरिकेत घराघरांत शिरलेला संगणक म्हणजे एक जाडसर कळफलक. बाकी सगळे त्याच्या पोटात. पडद्याच्या जागी घरातला टीव्ही जोडायचा आणि माहिती साठवायला गाण्याचा टेपरेकॉर्डर. ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा 'स्पेक्ट्रम' एप्रिल 1982 मध्ये आला, त्याची किंमत 125 पौंडांपासून होती. डबा उघडून यंत्र लावले की पडद्यावर काय दिसायचे? काही नाही. यंत्र आज्ञेची वाट पाहत गप्प बसायचे. ती आज्ञा 'बेसिक' नावाच्या भाषेत द्यायची. समजा मी लिहिले:

10 प्रिंट "परभणी"
20 गो टू 10

तर यंत्र परभणी हे नाव छापील, पुढच्या ओळीत वाचील की पुन्हा दहाव्या क्रमांकाकडे जा, आणि पडदा भरेपर्यंत तेच नाव छापत राहील. (खऱ्या यंत्रावर हे सगळे इंग्रजी अक्षरांत लिहावे लागे, त्याकडे पुढे येऊच.) यापलीकडे काय लिहायचे, हे शिकवायला शेजारी कुणी नव्हते आणि शाळेत गुरुजीही नव्हते. ते काम मासिकाने केले.

किंबहुना घरगुती संगणकाचा जन्मच एका मासिकात झाला असे म्हणता येईल. अमेरिकेतील 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकाच्या जानेवारी 1975 च्या अंकाच्या मुखपृष्ठावर 'अल्टेअर 8800' हे यंत्र झळकले. सुटे भाग मागवा आणि घरी सोल्डर करून जोडा, असा तो प्रकार. किंमत 400 डॉलरांच्या आत. गंमत अशी की चित्रातला डबा रिकामा होता! यंत्राचा नमुना पार्सलने न्यूयॉर्ककडे धाडला होता, तो वाटेतच हरवला. मग अंक निघायला उशीर नको म्हणून नुसत्या खोक्याला दिवे-खटके लावून छायाचित्र घेतले. कंपनीला काही शे मागण्यांची आशा होती, आल्या हजारांनी. तोच अंक पॉल अॅलन या तरुणाने विकत घेतला आणि आपला मित्र बिल गेट्स याला नेऊन दाखवला. त्या यंत्रासाठी दोघांनी बेसिक भाषा तयार केली आणि त्यातून मायक्रोसॉफ्ट कंपनी उभी राहिली. रिकाम्या डब्याच्या चित्राने एवढे घडवले.

त्याच वर्षी सप्टेंबरात 'बाइट' हे मासिक निघाले, पुढच्या वर्षी 'डॉक्टर डॉब्ज जर्नल' आले. या मासिकांत पानेच्या पाने भरून आज्ञावल्या छापलेल्या असत आणि वाचकाने त्या ओळीमागून ओळ स्वतः टाइप करायच्या असत. मे 1977 मध्ये 'इंटरफेस एज' मासिकाने तर अंकात ग्रामोफोनची पातळ, लवचिक तबकडीच घातली. ती वाजवली की आज्ञावली यंत्रात उतरे. पण हे प्रयोग थोडे. खरा रिवाज बोटे मोडेपर्यंत टाइप करण्याचाच होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढा उपद्व्याप कशासाठी? दोनशे ओळी टाइप करायच्या, त्यात एका ठिकाणी स्वल्पविरामाऐवजी पूर्णविराम पडला की सारे बंद. शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल तर रोजचीच. कधी चूक छापखान्याची असे. मग पुढच्या अंकातल्या शुद्धिपत्राची महिनाभर वाट पाहायची. पण चूक शोधताना वाचकाला प्रत्येक ओळीचा अर्थ लावावा लागे, आणि अर्थ लागला की हात शिवशिवत. चेंडूचा वेग वाढवून पाहू, दोनाऐवजी तीन गडी करून पाहू. माझे मत असे की या मासिकांनी जे शिकवले ते छापलेल्या आज्ञावलीने कमी आणि तिच्यातल्या चुकांनी जास्त.

'कॉम्प्यूट' या मासिकाने 1983 च्या सुमारास चुकांवर एक उपाय काढला, तो शिक्षक मंडळींना विशेष आवडेल. प्रत्येक ओळीपुढे एक आकडा छापायचा. वाचकाने ओळ टाइप केली की एक छोटी आज्ञावली तिच्यातील अक्षरांच्या क्रमांकांची बेरीज करून आकडा दाखवी. दोन्ही आकडे जुळले तर ओळ बरोबर. हा आपला ताळाच की! गुणाकार बरोबर आला की नाही हे नवांच्या ताळ्याने पाहायला आपल्या जुन्या पंतोजींनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवले. आणि दोष पाहा, तोही तोच. ताळ्याला 36 आणि 63 यांतला फरक कळत नाही. तसाच दोन अक्षरांची अदलाबदल झाली तर या उपायालाही ती सापडत नसे. पुढे काही वर्षांनी तो सुधारला गेला.

मी इतिहासाचा माणूस. जुना अंक हाती आला की मी लेखांआधी वाचकांची पत्रे आणि जाहिराती पाहतो. लेखांत संपादकाला काय वाटे ते कळते. काळ काय होता ते पत्रांत कळते. ब्रिटिश मासिकांची पत्रांची पाने पाहिली तर बरीच पत्रे शाळकरी पोरांची. तुमच्या मार्चच्या अंकातली आज्ञावली मी बारा ओळींनी आखूड केली, असे पोरगे लिहिते आणि संपादक ते छापतो. गाव कुठले, वय काय, काही विचारायचे नाही. ओळी बरोबर आहेत ना, एवढेच पाहायचे.

पण आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट ब्रिटनची नाही, अमेरिकेचीही नाही. ती युगोस्लाव्हियाची आहे. हा देश तेव्हा श्रीमंत नव्हता. बाहेरून वस्तू आणण्यावर कडक निर्बंध होते. 50 जर्मन मार्कांपेक्षा महाग वस्तू सरळ मार्गाने घरी आणता येत नसे, आणि संगणक तर त्याहून कितीतरी महाग. तेव्हा वोया अँतोनिच या अभियंत्याने 1983 मध्ये असे यंत्र आखले की ते बाजारात मिळणाऱ्या स्वस्त भागांतून कुणालाही घरी जोडता यावे. हा आराखडा बेलग्रेडच्या 'गॅलाक्सिया' या विज्ञान-मासिकाच्या मंडळींनी 'संगणक आपल्या घरी' अशा अर्थाच्या नावाच्या खास अंकात छापला. लेखन देयान रिस्तानोविच यांचे. भाषा त्यांची स्वतःची, सर्बियन. अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला आणि सुमारे एक लाख प्रती खपल्या. सुट्या भागांच्या संचासाठी आठ हजारांवर मागण्या आल्या. मग झोरान मोदली या निवेदकाने रेडिओ बेलग्रेडच्या 'व्हेंटिलेटर 202' या कार्यक्रमातून आज्ञावल्या ऐकवायला सुरुवात केली. श्रोते आपल्या आज्ञावल्या पाठवीत, त्या रेडिओवर वाजत आणि दुसरे श्रोते त्या उतरवून घेत. यंत्र, मासिक आणि नभोवाणी तिन्ही एकाच भाषेत बोलत होती. बेसिकमधले शब्द तिथेही इंग्रजीच होते, पण त्यावाचून कुणाचे अडले नाही. असे वीस-पंचवीस शब्द दहावीचा कुठलाही मुलगा आठवड्यात पाठ करतो. अडते ते समजावून सांगणारा आपल्या भाषेत नसला म्हणजे.

आता आपल्याकडे या. निर्बंध आपल्याकडेही होते. नोव्हेंबर 1984 च्या संगणक-धोरणाने ते थोडे सैल झाले. त्याच सुमारास केंद्र सरकारने 'क्लास' या योजनेखाली देशातल्या सुमारे अडीचशे शाळांत 'बीबीसी मायक्रो' हे ब्रिटिश यंत्र दिले. ब्रिटनमध्ये याच यंत्राबरोबर दूरचित्रवाणीची मालिका आली होती, पुस्तक आले होते, मासिक आले होते. आपल्याकडे यंत्र आले, त्याबरोबरच्या बहुतेक आज्ञावल्या इंग्रजीत होत्या आणि हा परिवार मागेच राहिला.

आणि हे पुष्कळांना ठाऊक नसते की घरगुती संगणक आपल्या महाराष्ट्रातही तयार होत असे. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात सिंक्लेअरचा 'स्पेक्ट्रम प्लस' परवान्याखाली बनवून 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने विकला. म्हणजे यंत्र पुण्याचे, विकत घेणारी घरे मराठी, पण त्याचे बोट धरून चालवणारे वाङ्मय कुठले? 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' 1969 पासून दिल्लीहून निघत होते, 'डेटाक्वेस्ट' 1982 पासून, 'पीसी क्वेस्ट' 1987 पासून. चांगली मासिके, पण सगळी इंग्रजी, आणि शेवटची दोन कचेरीतल्या संगणकाकडे पाहणारी. जिंतूरच्या किंवा गंगाखेडच्या मुलाने हाती धरावे असे त्यांत थोडेच होते.

खंत वाटते ती अशासाठी की मराठीला ही गोष्ट परकी नव्हती. 1920 मध्ये किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' काढली, ती नांगर-यंत्रांच्या खबरीसाठीच. नागपूरच्या 'उद्यम'ने घरच्या घरी करण्याचे धंदे मराठीत शिकवले. 'सृष्टिज्ञान' 1928 पासून विज्ञान सांगत आले. आणि दूर कशाला, आपल्या परभणीचेच पाहा. इथल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' भेंडी दिली ती नुसती पुडीत बांधून नाही. ती केव्हा लावायची, ओळींत अंतर किती ठेवायचे, केवड्याला ती कशी तोंड देते, हे 'शेतीभाती' मासिकातून, कृषी दैनंदिनीतून आणि आकाशवाणीवरच्या शेतीच्या कार्यक्रमांतून शेतकऱ्याच्या भाषेत सांगितले जाते. भेंडीला जे लाभले, ते संगणकाला त्याच्या बालपणी लाभले नाही.

पुढे संगणक मराठी मुलखात सर्वदूर गेला तो 2001 नंतर, एमएस-सीआयटीच्या वर्गांतून. लाखो मुलामुलींनी तो अभ्यासक्रम केला, तोही मराठीतून, हे काम लहान नव्हे. पण तोवर यंत्र बदलले होते. ते आता रिकाम्या पडद्याने वाट पाहत नव्हते. तयार आज्ञावल्या आत घेऊनच येत होते. अर्ज कसा टाइप करावा, तक्ता कसा भरावा, हे आपण शिकलो. यंत्राला नवे काही शिकवायचे असते, ही पायरी बहुतेकांच्या वाट्याला आलीच नाही. शाळेतले गुरुजी-बाई संगणकाच्या खोलीला कुलूप लावून ठेवतात म्हणून आपण हसतो. पण ज्यांच्या हाती चुका करत शिकण्याचे साधन कधी पडलेच नाही, त्यांना यंत्राची भीती वाटली तर दोष त्यांचा कसा?

तिकडची मासिकेही पुढे टिकली नाहीत. आज्ञावल्या इतक्या मोठ्या झाल्या की छापणे अशक्य झाले. मग अंकावर कॅसेट चिकटवली जाऊ लागली, मग फ्लॉपी, मग सीडी. आपल्याकडे मुंबईहून निघणारे 'चिप', जे 2001 मध्ये 'डिजिट' झाले, ते पुष्कळजण सीडीसाठीच घेत; इंटरनेट नसलेल्या गावात तो महिन्याचा शिधाच होता. 'बाइट'चा छापील अंक जुलै 1998 मध्ये बंद झाला आणि ब्रिटनचे 'पर्सनल कॉम्प्युटर वर्ल्ड' 2009 मध्ये.

गंमत म्हणजे गोष्ट इथे संपत नाही. केंब्रिज विद्यापीठात एबेन अप्टन यांच्या 2006 च्या सुमारास ध्यानात आले की प्रवेशाला येणाऱ्या मुलांना पूर्वीच्या मुलांइतके संगणकाचे पोट ठाऊक नाही. रिकाम्या पडद्याचे, स्वस्त यंत्र पुन्हा हवे, या विचारातून 2012 मध्ये 'रास्पबेरी पाय' हा छोटा संगणक बाजारात आला. त्याचे 'मॅगपाय' नावाचे मासिकही निघाले. 2015 च्या अखेरीस त्याच्या 40 व्या अंकाच्या मुखपृष्ठावर एक अख्खा संगणकच चिकटवलेला होता, पाच डॉलर किमतीचा. 1975 च्या मुखपृष्ठावर रिकामा डबा होता हे तुम्हांला आठवत असेलच.

'बाइट' आणि 'कॉम्प्यूट' यांचे जुने अंक आज इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेने पानन्‌पान टिपून फुकट वाचायला ठेवले आहेत. शाळेतल्या संगणकावर ते उघडतात. मराठीत संगणकावर जे काही लिहिले गेले, दैनिकांच्या रविवार पुरवण्यांत, विज्ञान-मासिकांत, दिवाळी अंकांत, ते मात्र शाळांच्या आणि गावच्या वाचनालयांच्या कपाटांत पडून आहे, आणि त्याचा कागद आता तुटायला लागला आहे. शिक्षक मित्रांनी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी कपाटे आवरताना असे अंक निघाले तर ते रद्दीत घालण्यापूर्वी निदान मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि वाचकांच्या पत्रांची पाने मोबाइलवर टिपून ठेवावीत. त्या पत्रांखाली गावांची नावे असतात. त्यांत सेलू, मानवत, पाथरी कुठे आहे, ते मला पाहायचे आहे.