मधुमेही तंत्रिकाविकृती : कारणमीमांसेचा इतिहास

मधुमेहातील दीर्घकालीन चयापचयात्मक बिघाडामुळे परिसरीय तंत्रिकांना (मज्जातंतूंना) होणारी इजा. सर्वांत लांब तंत्रिका प्रथम बाधित होत असल्याने बधिरता, मुंग्या व दाह यांचा आरंभ बहुधा पायांपासून होतो.

चरकसंहितेत हातापायांची बधिरता व दाह ही प्रमेहाची पूर्वलक्षणे म्हणून सांगितली आहेत. यूरोपात मात्र तंत्रिका तंत्राच्या विकारामुळे मधुमेह होतो, असा समज एकोणिसाव्या शतकात प्रचलित होता. मार्शाल द काल्व्ही या फ्रेंच वैद्यांनी १८६४ मध्ये हा कार्यकारणभाव उलट असल्याचे प्रतिपादिले. १९२१ साली इन्शुलिनाचा शोध लागल्यावर रुग्ण दीर्घायुषी झाले व हा उपद्रव अधिक आढळू लागला.

जादा ग्लुकोजाचे आल्डोज रिडक्टेज या एंझाइमामुळे सॉर्बिटॉल बनते व ते मधुमेही प्राण्यांच्या तंत्रिकांत साठते, असे गॅबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये दाखविले. तथापि या एंझाइमाला रोधणाऱ्या बहुतेक औषधांनी अपेक्षेइतका गुण आला नाही. पुढे प्रथिनांशी ग्लुकोजाचा होणारा संयोग, ऑक्सिडीकारक ताण आणि तंत्रिकांना रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्मवाहिन्यांची विकृती यांकडे लक्ष वेधले गेले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी-कॅनडीय चाचणीत काटेकोर ग्लुकोज-नियंत्रणाने पहिल्या प्रकारच्या मधुमेहात ही विकृती सु. ६० टक्क्यांनी घटली; दुसऱ्या प्रकारात मात्र लाभ बराच कमी आढळतो. त्यामुळे स्थूलता व रक्तातील मेदद्रव्ये यांचाही विचार होऊ लागला.

महाराष्ट्रात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांत ब१२ जीवनसत्त्व कमी आढळले. याच्या न्यूनतेनेही तंत्रिकांना इजा होते आणि मेटफॉर्मिन या मधुमेहावरील नित्याच्या औषधाने त्याचे शोषण घटते. खानदेशातील भाकरी, भरीत, डाळ यांसारख्या वनस्पतिजन्य अन्नात ते नसते; शाकाहारी व्यक्तीला ते मुख्यतः दुधातून मिळते.

जळगाव, धुळे भागात कडक उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवर अनवाणी चालताना बधिर पाय भाजल्याचे कळत नाही. दुर्लक्षित जखम चिघळून पाय कापण्याची वेळ येऊ शकते. ब१२ ची न्यूनता भरून काढता येते. म्हणून बधिरतेचा सर्व दोष साखरेकडे देण्यापूर्वी तिची तपासणी करणे इष्ट ठरते.